हात वर केला की थांबायचं

१२ एप्रिल २०२५, शनिवार

पोचलो एकदाचा. मिरजेहून पहाटेची एस.टी. धरली, आंबा घाटात पोटातलं सगळं हललं आणि अकराच्या सुमारास हातखंब्याला उतरलो. नव्या वहीचा मुहूर्त आजच करतो. जुन्या वहीत मिरजेच्या लोकांची नावं आहेत, ती घरी ट्रंकेत ठेवून आलो. चौदा वर्षं ज्या पार्टीत बेंजो वाजवला, तिथे एका वरातीला पोचलो तर माझ्या स्टुलावर दुसराच बसलेला. सांगायची तसदीही कुणी घेतली नव्हती. मी विसरत नाही. आई म्हणायची, आमचा गुरुप्रसाद उंट आहे, फक्त पाण्याऐवजी राग साठवतो. असो. आजचा दिवस चांगला आहे, तो नासवायचा नाही.

घ्यायला सदू आला होता, पार्टीचा टेम्पो घेऊन. ऑक्टोपॅड तोच वाजवतो आणि कार्यक्रमांच्या सुपाऱ्याही तोच घेतो. माणूस बोलका. रस्ताभर त्याने मला 'मास्तर' म्हटलं. मिरजेत शेवटची दोन वर्षं मला नुसतं 'ओ' म्हणायचे. टेम्पोवर मोठ्या अक्षरांत 'रघू बेंजो पार्टी'. हे रघू मास्तर गेल्या मे महिन्यात वारले. वर्षभर बेंजोवाला मिळाला नाही म्हणून पार्टी बंद होती आणि आता मी आलो. एकूण नऊ जण. कीबोर्डला स्वरूप, ताशाला विठू, बाकी ढोल-झांजेवाले. सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. मला लाजल्यासारखं झालं, पण आवडलं.

राहायची सोय रघू मास्तरांच्या घरीच, पावसच्या रस्त्याला. चिऱ्याचं नीटनेटकं घर, मागे हापूसची चाळीसेक कलमं. मास्तरांची बायको मालनताई एकट्याच असतात. सध्या आंब्याचे दिवस, त्यामुळे पडवीभर पेट्या आणि पेंढा. त्यांनी घावन आणि नारळाचा रस पुढे ठेवला. आमच्याकडे गोड खायचं तर सण लागतो. बेंजो त्यांच्याच मालकीचा आहे. कपाटातून काढून, पदराने पुसून त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला. तारा नव्या, बटणं मऊ. एवढा सुरेल बेंजो मी आजवर हातात धरला नव्हता.

१३ एप्रिल, रविवार

इथली एक रीत लिहून ठेवतो. हंगामाच्या पहिल्या सुपारीआधी सगळी वाद्यं ग्रामदेवतेसमोर मांडतात आणि गुरव गाऱ्हाणं घालतो. म्हणजे देवाला सगळं रोखठोक सांगायचं, काय हवं, काय नको, कुणाचा बंदोबस्त कर. तो थांबला की सगळ्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." ज्याची वाद्यं, त्याचा नारळ. म्हणून नारळ मालनताईंचा होता आणि शेवटचं मागणंही त्यांनीच सांगितलं. गुरवाने ते मोठ्याने देवापुढे ठेवलं, "बा म्हाराजा, मास्तराचा हात बगून जो थांबला नाय, त्याचा हात थांबू देऊ नको."

मला हसूच फुटलं. बेंजो पार्टीत एकच कायदा असतो. मास्तरने उजवा हात, तार छेडायच्या नखीसकट, वर केला की सगळ्यांनी एका झटक्यात थांबायचं. आणि एक तरी वाजवणारा असा असतोच की ज्याला थांबवत नाही. अशा ताशेवाल्यांना मी चौदा वर्षं मनातल्या मनात शाप देत आलो. इथे तर देवापुढेच सोय. मी घसा मोकळा करून म्हटलं, "व्हय म्हाराजा." माझा आवाज आणि मालनताईंचा, एवढेच दोन आवाज आले. बाकीचे खाली बघत होते. सदू खोकला. मला वाटलं, पोरांना शिस्त नको आहे, म्हणून तोंडं बंद.

१७ एप्रिल, गुरुवार

पहिली सुपारी, गोळपला हळद. दुपारी चारला चालू, साडेआठला बंद. पार्टी तयार आहे, माझं नाव खराब होणार नाही. सदूचा हात जड आहे, मध्येच स्वतःची करामत दाखवतो, पण ताल सोडत नाही. माझ्या बेंजोला दोनदा 'वन्स मोअर' मिळाला.

एकच खोट. शेवटी मी हात वर केला, सगळे थांबले आणि ताशा तीन ठोके पुढे गेला. मी विठूला सर्वांसमोर झापलं. तो म्हणाला, मी थांबवला होता मास्तर, हातच गेला पुढे. नाचता येईना अंगण वाकडं.

२० एप्रिल, रविवार

आज राग आला आहे, म्हणून अक्षर तिरकं. नव्या शर्टांचा गठ्ठा आला. पाठीवर परत 'रघू'च. मी सदूला सहज म्हटलं, खाली लहान अक्षरात माझं नाव चाललं असतं. तर जेवणाच्या पंगतीत, यजमानांच्या पाहुण्यांसमोर तो बोलला, "मास्तर, नाव लावायला आदी नाव असूक लागता." सगळे हसले. स्वरूपसुद्धा. मी आमटी-भात गिळला. सदू, तुझं नाव या वहीतलं पहिलं.

आणखी एक. कार्यक्रम संपल्यावर स्वरूप कीबोर्डची वायर काढून उभा होता आणि त्याची बोटं बंद पट्ट्यांवर चाललेली होती. शेवटचंच गाणं, एकही सूर न चुकता. मी विचारलं तेव्हा त्याने हात खिशात घातले. खिसा हलत होता.

२४ एप्रिल, गुरुवार

आज एक ठोकाही वाजवायचा नव्हता. सुट्टी होती. सगळे सदूच्या अंगणात जेवायला बसलो तर विठूला घास घेता येईना. दोन्ही हात मांडीवर ताशा असल्यासारखे चाललेले. भात उडाला, बांगड्याची तुकडी पानाबाहेर. आधी सगळे हसले, तोही हसला. मग तो रडायला लागला आणि हात चालूच. सदूने त्याच्या मनगटांवर गुडघा टेकवला, तरी बोटं जमिनीवर वाजत राहिली.

मी विचारलं, हे काय आहे. सगळे उठून हात धुवायला गेले. घरी येऊन मालनताईंना विचारलं. त्या आंबे पेटीत लावत होत्या. हात न थांबवता त्यांनी सांगितलं.

गेल्या वर्षी नऊ मेला मंडणगडाकडच्या एका गावात मुंबईकर मंडळाची पूजा होती. दुपारी मिरवणूक. टेम्पो मुंगीच्या पावलाने चाललेला, पुढे दीडशे माणूस नाचतंय. रघू मास्तरांच्या छातीत कळ आली. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून त्यांनी हात वर केला. पार्टी थांबली नाही. सदू मास्तरांशी महिनाभर भांडत होता, पुढे मीच बसणार म्हणून. त्याला वाटलं, म्हातारा आपल्याला दाबायला मुद्दाम बंद करतोय. त्याने स्वरूपला आणि विठूला डोळ्याने खुणावलं, चालू ठेवा. बेंजोची जागा कीबोर्डने भरून काढली. "ह्यांनी हात वर केलानी आनी वरच ठेवलानी," मालनताई म्हणाल्या. लोकांना वाटलं, मास्तर पण नाचतायत.

त्यांच्या फोनवर कुणा मुंबईकराने पाठवलेला व्हिडिओ आहे. तो मी बघितला. सात मिनिटं. नखी धरलेला हात गर्दीच्या वर, आधी सरळ, मग वाकडा. दुसऱ्या मिनिटाला सदू त्या हाताकडे बघतो, अगदी स्वच्छ बघतो, आणि मान वळवतो. सातव्या मिनिटाला हात खाली येतो. गाणं चालूच.

मालनताई रडल्या नाहीत. मीच उठून मागे कलमांत गेलो. परक्या माणसासाठी इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

२७ एप्रिल, रविवार

विठूच्या घरी गेलो. त्याची आई सावित्रीबाई दारातच माझे पाय धरायला वाकली. चार दिवस तो झोपलेला नाही. डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं, तर डोळे मिटले आणि हात चालू राहिले. हात खाटेच्या दांडीला धोतराने बांधलेत, बोटांची सालं गेलीत. मला बघून म्हणाला, "मास्तर, थांबवा वो."

काय करणार. सवयीने उजवा हात वर केला, कार्यक्रमात करतो तसा. विठूचे हात थांबले. तिथल्या तिथे. खोलीत इतकी शांतता झाली की बाहेरची कोंबडी ऐकू आली. तो तसाच झोपला.

म्हणजे माझ्या हातात आहे. ज्या जागेवर रघू मास्तर होते त्या जागेवर मी बसलो, म्हणून माझा हात चालतो. येताना टेम्पोत कुणी माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. सदूने पाण्याची बाटली उघडून दिली.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. तीन दिवसांत चार लग्नं. प्रत्येक गाण्याच्या शेवटी मी हात वर करतो, पुरेसा वेळ धरतो आणि सगळे थांबतात. आता सगळ्यांचे डोळे माझ्या हाताला चिकटलेले असतात. शिस्त म्हणजे अशी. काल सदूकडे हात वळवायला मी मुद्दाम दहा मोजेपर्यंत उशीर केला. घामाने निथळला. जेवताना त्याने माझ्या पानात स्वतःच्या हाताने तळलेला सौंदाळा मासा वाढला.

मालनताईंना हे पटलेलं नाही. त्या म्हणाल्या, देवासमोर तुमी व्हय बोल्ल्यात आनी आता त्यांना सोडवतास? मी म्हटलं, ताई, विठू अजून पोर आहे, त्याला सदूने खुणावलं. त्या म्हणाल्या, मी विठूचं नाय बोलत.

५ मे, सोमवार

स्वरूपने सांगितलं. सांगताना रडत होता.

सदूने मुंबईहून बेंजोवाला ठरवला आहे. स्वतःच्या बेंजोसकट येणार, दहा तारखेपासून. मालनताईंचा बेंजो नको, माझा हात नको, देवळातल्या शब्दाशी संबंधच नको, असा हिशेब. सगळ्यांना सांगितलं आहे. फक्त मला नाही. दहा तारखेला मी टेम्पोपाशी गेलो असतो आणि माझ्या स्टुलावर—

परत तेच. त्याच स्टुलावर दुसरा माणूस. मी त्यांच्या पोरांचे हात सोडवले आणि मला सांगायचंही नाही.

नऊ तारखेची सुपारी कुठे आहे ते बघितलं. मंडणगडाकडचं तेच गाव. तीच पूजा. वर्ष झालं.

७ मे, बुधवार

दोन दिवस विचार केला. विचार कसला, एकच गोष्ट फिरवत बसलो. मालनताईंना सांगितलं की नऊ तारखेला सदूपुरता माझा हात वर होणार नाही. त्या उठल्या. बेंजोला नव्या तारा चढवल्या, चांगला तास लावून. मग माझ्यासाठी शिरवाळ्या केल्या. करावं तसं भरावं, यात माझं काय चुकतं? मी काही करणार नाही. फक्त हात खाली ठेवणार. त्याने तरी दुसरं काय केलं होतं.

९ मे, शुक्रवार. टेम्पोत, परतताना

लिहितो. रस्ता खराब, अक्षर हलतंय.

दुपारी चार. तोच रस्ता, व्हिडिओत बघितलेला. वळणावर तेच फणसाचं झाड. पुढे तेवढीच गर्दी. दोन गाणी नीट झाली. तिसऱ्याच्या शेवटी स्वरूपकडे वळून, सदूकडे पाठ करून हात वर केला. सगळे थांबले. ऑक्टोपॅड थांबला नाही.

लोक खूश. एकट्या ऑक्टोपॅडवर नाचायला लागले. सदूला वाटलं मी नेहमीसारखा छळतोय. हसला. मग हसायचा थांबला. "मास्तर," म्हणाला. मग ओरडून म्हणाला. मी चौथं गाणं धरलं. बाकीचे घाबरून वाजवायला लागले.

त्याच्या बोटांतून रक्त. ओठ निळे. त्याने सगळा जोर लावून डावा हात सोडवला आणि वर केला. काठीसकट. माझ्याकडे बघत.

मी बघितला. अगदी स्वच्छ बघितला. आणि मान वळवली.

पाचवं गाणं. लोकांनी पण हात वर केले होते, नाचताना. दीडशे हात. मला वाटलं कुणाला कळणार नाही त्यात.

सातव्या मिनिटाला खाली पडला. रुग्णवाहिकेत घातला तेव्हा छातीवर पांढरी चादर होती आणि चादरीखाली दोन्ही हात वाजवत होते. मंडणगडला पोचायच्या आत गेला. फोन आला आत्ता. हात कधी थांबले ते विचारायला कुणाची जीभ रेटली नाही.

मला बरं वाटतंय. खोटं का लिहू. गेल्या कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

१० मे, शनिवार

मालनताईंना सगळं सांगितलं. देवापाशी दिवा लावला त्यांनी. चहा दिला. मग बारीकसारीक विचारत राहिल्या. पडला कसा, बोलला काय. मी सांगितलं, शेवटी त्याने हात वर केला.

त्यांनी कप खाली ठेवला. विचारलं, "तुमी बगितल्यात?"

हो म्हटलं.

पदराने कपाची कड पुसली. मग म्हणाल्या, "मग तुमी पन थांबल्यात नाय."

मी म्हटलं, पण तो सदू होता. त्याचाच तर— त्या म्हणाल्या, गाऱ्हाण्यात कुनाचं नाव घेतलं नवतं. काल सदू पन पार्टी आपल्या हातात घेऊन मास्तरच व्हायला बसला होता. मला हसायचं होतं. तेवढ्यात टकटक ऐकू आली. दारावर कोण म्हणून बघितलं. माझाच उजवा हात, खुर्चीच्या दांड्यावर.

सवय असेल. वाजवणाऱ्याची बोटं चळवळतातच.

११ मे, रविवार

सवय नाही.

डाव्या हाताने लिहितोय. उजवा उशीखाली. उशी चालली आहे. चौथं गाणं, मग पाचवं, मग परत चौथं. नखी नाही बोटात तरी नखी धरल्यासारखी. अंगठ्याचं नख गेलं. दोरीने खाटेला बांधला, खाट वाजते.

स्वतःच डावा वर केला आरशासमोर. मास्तर मीच ना. थांबत नाही.

मुंबईच्या बेंजोवाल्याला फोन लावला. म्हटलं, ये आणि माझ्या स्टुलावर बस. एकदा बस, हात वर कर. तू बस रे. त्याने सदूचं ऐकलंय. फोन ठेवला.

१२ मे. सकाळ असावी

स्वरूप आणि विठू अंगणात आले. मी खिडकीतून डावा वर केला. विठूने बघितला. विठूने. ज्याला मी— मान वळवली. गेले. मिरजेच्या वहीत असली नावं भरलेली आहेत, पण ती वही ट्रंकेत, आणि लिहायला हात

एक मार्ग आहे. बेंजो मालनताईंचा. पार्टी त्यांची. त्यांनी हात वर केला तर थांबेल. थांबायलाच पाहिजे. हाक मारली. आल्या. दारात उभ्या. दोन्ही हात पदराखाली.

सांगितलं सगळं. ताई, तुमच्यासाठी— तुमच्या मास्तरांसाठी— एकदा हात वर करा.

उंबऱ्याच्या आत येत नाहीत. माझ्याकडे बघतात. रघू मास्तर फोनमध्ये दिसायचे तेव्हा बघायच्या तशा.

दुपार

डावा वर करतो. थकला की खाली घेऊन हे लिहितो. परत वर.

छातीत पण

बघतायत. मघापासून. स्वच्छ बघतायत. हात वर केला नाही. आता मान वळवली. कलमांकडे.

वारा नाही. पान हलत नाही बाहेर. ताईंचा पदर हलतोय. पदराखाली आंबे लावल्यासारखं— एकसारखं— त्यांनी खाली बघितलं. ताई ओरडल्या. पदर सरला आणि त्यांची बोटं